लहान टर्बो इंजिनासाठी ऑइलची निवड

टर्बोचार्जर (जळक्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) असलेल्या, साधारण १ ते १.२ लिटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनात कोणते ऑइल घालावे हे ठरवण्याची रीत. २०१३ सालच्या फोर्ड इकोस्पोर्टचे १ लिटरचे इकोबूस्ट, २०१७ सालच्या टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे रेव्होट्रॉन ही अशा इंजिनांची भारतातली उदाहरणे. कोल्हापूरच्या गॅरेजात ऑइल बदलायला गेले की पहिला प्रश्न येतो, ‘घट्ट घालू की पातळ?’ या इंजिनांच्या बाबतीत ऑइल कोणत्या मानकाचे, हे त्याच्या आधी विचारायला हवे.

टर्बोचार्जरमधले टर्बाइन, म्हणजे पात्यांचे चाक, सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूवर फिरते. पूर्ण भारावर हा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि या चाकाच्या शाफ्टचे (दांड्याचे) फेरे मिनिटाला दोन लाखांच्या घरात पोचतात. बहुतेक गाड्यांत हा शाफ्ट बुशामध्ये, म्हणजे बेअरिंगच्या नळीत, ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद केले की ऑइल वाहायचे थांबते, पण टर्बाइनची धग बेअरिंगकडे येतच राहते. हलक्या प्रतीचे ऑइल तिथेच करपून कार्बन धरते, ऑइलची वाट बुजत जाते आणि शेवटी बेअरिंग जाते. म्हणून सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेले) ऑइलच घ्यावे. मिनरल (कच्च्या तेलातून गाळलेले साधे ऑइल) घेऊन वाचवलेले पैसे टर्बोच्या एका कामात जातात. पन्हाळा किंवा जोतिबा चढून वर पोचल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर आयडलिंगवर ठेवलेली बरी.

दुसरा धोका घाटात असतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरणे सोपे. परतीच्या चढात वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून धरला की पिस्टन रिंगजवळचे ऑइल-पेट्रोलचे थेंब स्पार्कच्या आधीच पेट घेऊ शकतात. असा एखादा स्फोटही पिस्टन फोडू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने (इंजिन आतून स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनाने) हा धोका वाढतो, म्हणून नव्या ऑइलांत त्यातले काही कॅल्शियम काढून मॅग्नेशियम वापरतात. मे २०२० मध्ये लागू झालेल्या, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ‘एपीआय एसपी’ मानकात या अवेळी पेटण्याच्या दोषाची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे. डब्यामागच्या गोल शिक्क्यात ‘एसपी’ आहे का, ते स्वतः पाहावे. आणि चढाला गिअर खाली टाकावा.

ग्रेड, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचा आकडा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. पहिला आकडा थंडीतल्या आणि दुसरा तापलेल्या ऑइलच्या घट्टपणाचा; आकडा मोठा तेवढे ऑइल घट्ट. ‘आपल्याकडे ऊन जास्त, २०डब्ल्यू-५० घाला’ हा सल्ला जुन्या इंजिनांसाठी ठीक होता. या इंजिनांचा ऑइल पंप आणि बेअरिंगमधली फट पातळ ऑइल धरूनच बेतलेली असते, आणि थंड इंजिन सुरू करताना घट्ट ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचते. उष्णतेत थर टिकतो का, हे १५० अंशांवरच्या घट्टपणाच्या चाचणीवरून कळते. ‘एसीईए सी३’ या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या मानकाच्या ऑइलला तिथे किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद (घट्टपणाचे एकक) लागतात. साध्या ३० ग्रेडला २.९ पुरतात. मॅन्युअलमध्ये सी३ मागितले असेल तर नुसते ‘५डब्ल्यू-३०’ वाचून डबा उचलू नये.

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रकांमुळे या भागात १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइलचे ड्रम सर्रास दिसतात. त्यातले सुटे ऑइल या गाड्यांत अजिबात घालू नये: ग्रेड चुकतो आणि डिटर्जंटही डिझेलच्या हिशेबाने घातलेले असते.

कोल्हापुरातच राजारामपुरी ते रंकाळा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइल पुरते तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल त्यात उतरत राहते. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत जास्तच. डिपस्टिकवर पातळी खाली यायच्या ऐवजी वर सरकलेली दिसते, पुसलेल्या फडक्याला पेट्रोलचा वास येतो. अशा गाडीचे ऑइल १०,००० किलोमीटरची वाट न बघता सहा महिन्यांनी, फिल्टर आणि ड्रेन बोल्टच्या वॉशरसकट बदलावे. बिलावर ग्रेडसोबत मानकही लिहून घ्यावे. वॉरंटीच्या वेळी तेच विचारले जाते.