केल्टिक नामघटक : स्थलनामे व व्यक्तिनामे

गॉल म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात बोलली जाणारी गॉलिश ही केल्टिक (पश्चिम युरोपातील एका प्राचीन भाषासमूहातील) भाषा इ. स. सहाव्या शतकाच्या सुमारास लोपली. तिचे शब्द मात्र गावांच्या, नद्यांच्या आणि माणसांच्या नावांत अजून वापरात आहेत. ‘दूनोन’ (तटबंदीचे ठिकाण) लिऑन, व्हर्दां आणि स्वित्झर्लंडमधील न्यों या नावांत आहे. लॅटिन लेखांत त्यांची रूपे लुग्दुनुम, विरोदुनुम, नोव्हिओदुनुम अशी आढळतात. ‘मागोस’ म्हणजे मैदान, पुढे बाजारपेठ. रोतोमागुसचे रूआं झाले. नोव्हिओमागुस, म्हणजे नवा बाजार, हे नाव अनेक गावांना होते. त्यांपैकी एकाचे फ्रान्समध्ये न्वायों, तर दुसऱ्याचे नेदरलँड्समध्ये नायमेगन झाले. यातील ‘नोव्हिओ’ आणि संस्कृत ‘नव’ सगोत्र, म्हणजे एकाच मूळ शब्दातून आलेले, आहेत.

आजच्या रूपावरून अंदाज बांधला की हमखास फसगत होते. इंग्लंडमधील स्विंडनचा ‘डन’ जुन्या इंग्रजीतील टेकडीवाचक शब्द आहे, आणि लंडनचे जुने रूप लोंदिनिउम असल्याने तेही ‘दूनोन’च्या यादीत बसत नाही. म्हणून आधी प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीचा ‘भूगोल’ हा ग्रंथ, रोमन मार्गसूची, नाणी व शिलालेख यांतील सर्वांत जुनी नोंद शोधावी. मग त्या प्रदेशाचे ध्वनिनियम, म्हणजे तिथे उच्चार कसे बदलत गेले याचे नियम, लावावेत. ‘-आकुम’ हा मालकीदर्शक प्रत्यय दक्षिण फ्रान्समध्ये ‘-आक’ होतो, उत्तरेत बहुधा ‘-ई’. साबिनिउस नावाच्या मालकाची जमीन म्हणून साबिनिआकुम. त्याचेच दक्षिणेत साव्हिन्याक, उत्तरेत साव्हिन्यी. इथे मालकाचे नाव रोमन, प्रत्यय केल्टिक. अशी सरमिसळ फार आढळते.

आघाताची (उच्चारातील जोराची) जागाही निर्णायक ठरते. बितुरिगेस (‘जगाचे राजे’) या जमातीच्या नावात ‘तु’वर आघात राहिला तिथे बूर्ज हे शहराचे नाव झाले, ‘रि’वर आला तिथे बेरी हे प्रांताचे.

याच नावातील ‘रिक्स’ (राजा) संस्कृत ‘राजन्’चा सगोत्र. इ. स. पू. 52 मध्ये सीझरविरुद्ध लढलेल्या व्हर्किन्गेटोरिक्सच्या नावात ‘व्हेर’ म्हणजे वरचा, ‘किन्गेतो’ म्हणजे योद्धा. ब्रिटनमध्ये ‘कातु’ (युद्ध) आणि ‘वेल्लाउनो’ (अधिपती) यांपासून वेल्श काद्वाल्लॉन हे नाव आले. वेल्श ‘तुदुर’ला अनेकदा ग्रीक थिओडोर समजतात, ते चूक आहे. तो ‘तोउतोरिक्स’, लोकांचा राजा. इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचे नाव त्यावरूनच पडले.