इम्प्लांट बसवायचंय? मग पुढच्या तीन महिन्यांची शुगर बघा

लॅबमधे सकाळी साडेसातलाच रांग लागलेली असते आणि आठवड्यातून एकतरी काका किंवा काकू बाही वर सारता सारता मला सांगतात, "दोन दिवस झाले गोड एकदम बंद केलंय गं, रात्री नुसतं मुगाचं वरण घेतलं, आता फास्टिंग नीट यायला पाहिजे, शुक्रवारी दाताचं इम्प्लांट आहे." आणि फास्टिंग बऱ्याचदा नीट येतेसुद्धा, ११० नाहीतर ११५. मग शेजारच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) येतो ९, म्हणजे बराच जास्त, आणि काकांना वाटतं लॅबचंच काहीतरी चुकलं.

लॅबचं चुकलेलं नसतं. राखाडी झाकणाच्या ट्यूबमधली शुगर त्या एका सकाळची असते, दोन दिवस सांभाळलं की ती खाली येते. एचबीएवनसीचं तसं नाही. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि एकदा नीट चिकटली की ती पेशी मरेपर्यंत तशीच राहते, लाल पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो (त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा, जवळजवळ अर्धा). एचबीएवनसी ७ म्हणजे सरासरी शुगर १५४च्या आसपास आणि ९ म्हणजे २१२. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो आणि सिकलसेलसारखा आजार असेल तर खोटा कमी, त्यामुळे ॲनिमिया असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

मला आज जे मनापासून सांगायचंय ते हे की डायबिटीस आहे म्हणून इम्प्लांट होत नाही असं अजिबात नाही. आपल्या इंदौरमधे अजून कितीतरी लोकांना हेच सांगितलं जातं, "शुगर आहे ना, मग कवळीच बसवा," आणि ते बिचारे दहा-दहा वर्षं एका बाजूने चावत राहतात. शुगर ताब्यात असलेल्या लोकांची इम्प्लांटं बाकीच्यांच्या जवळपास तितकीच टिकतात असं अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. पण ताब्यात म्हणजे ऑपरेशनच्या सकाळी नाही. एचबीएवनसी मागचे तीन महिने दाखवतो आणि इम्प्लांटला लागतात पुढचे तीन महिने, हे का ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटेनियमचा छोटा स्क्रू, जाडी साधारण ४ मिलिमीटर आणि लांबी १० मिलिमीटरच्या आसपास, त्याच्यावर मग दाताची कॅप. हे टायटेनियमच का, तर त्यामागे एक ससा आहे. १९५२ साली स्वीडनमधे पर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर हाडातलं रक्त कसं वाहतं ते बघत होते आणि त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची एक बारीक नळी बसवली, प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर ती निघेचना, हाड तिला अगदी घट्ट धरून बसलं होतं. त्यांचं काम दातांचं नव्हतंच, पण या न निघणाऱ्या नळीतून पुढे १९६५मधे पहिल्या माणसाला इम्प्लांट बसले. त्यांचं नाव गोस्टा लार्सन, जन्मापासून जबड्यात दोष होता, आणि ते २००६मधे वारले तोपर्यंत म्हणजे चाळीसएक वर्षं ते इम्प्लांट चाललं. हवा लागली की टायटेनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर येतो आणि हाडाच्या पेशींना तो परका वाटत नाही, त्या त्याला चिकटूनच नवं हाड बांधतात.

बांधतात हा शब्द महत्त्वाचा. स्क्रू बसवला त्या दिवशी तो घट्ट असतो खरा, पण लाकडात स्क्रू घट्ट बसतो तसा, नुसता दाबाने. मग शरीर काय करतं तर स्क्रूभोवतीचं दबलेलं जुनं हाड हळूहळू खाऊन टाकतं आणि त्याजागी नवीन भरतं. जुनं गेलंय आणि नवीन अजून कच्चं आहे असा मधला काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, तेव्हा इम्प्लांटची पकड सगळ्यात कमी असते, बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही, पण खरी परीक्षा तीच. खालच्या जबड्यात हे हाड पक्कं व्हायला तीनएक महिने जातात, वरचं हाड जरा पोकळ त्यामुळे तिथे सहापर्यंत. शुगर सतत वाढलेली असेल तर ही पकड जास्त खाली जाते आणि परत वर यायला जास्त वेळ घेते.

असं का होतं ते सांगते. खवा आटवताना बघितलाय ना, दूध पांढरं असतं आणि आटता आटता बदामी होतं, मग लालसर, आणि हाताला चांगलं घट्ट लागतं? दुधातली साखर आणि प्रोटीन उष्णतेने एकमेकांना धरतात त्यामुळे ते होतं. शरीरात भट्टी नाही पण रक्तात साखर सारखी जास्त राहिली तर तेच काम ३७ डिग्रीवर महिनोन्महिने चालू राहतं, हिमोग्लोबिनला साखर चिकटते तशीच ती कोलेजनलाही चिकटते. कोलेजन म्हणजे हाडाची आणि हिरड्यांची मूळ वीण, ती कडक होते, जुनी लवकर निघत नाही आणि नवी नीट बसत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात म्हणून माल पोचत नाही. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी आळसावतात. आणि इन्सुलिन हे फक्त साखरेचं काम करत नाही, हाड बांधणाऱ्या पेशींनाही ते लागतं. म्हणजे एकाच वेळी गवंडी सुस्त, विटा खराब आणि रस्ता अरुंद.

आमच्या अण्णांचं झालं ते असं. खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा गेलेल्या, वय ६८, शुगर पंधरा वर्षं जुनी. चावता येत नाही म्हणून काकडी, गाजर, मटकीची उसळ हे सगळं हळूहळू ताटातून गेलं आणि त्याजागी आले चहात बुडवलेले टोस्ट, मऊ भात आणि पोहे. मऊ ते सगळं साखर वाढवणारं. दात नाहीत म्हणून शुगर वाढते आणि शुगर वाढते म्हणून दात होत नाहीत, ही गाठ किती घरांत बसलीय ते मला रोजच्या रिपोर्टांत दिसतं आणि फार वाईट वाटतं. डेंटिस्टकडे गेलो तर त्यांनी आधी एचबीएवनसी मागितला, आला ८.९. ते म्हणाले आत्ता नाही. साधारण ७च्या आसपास असेल तर निश्चिंतपणे करतात, ८च्या वर बरेच जण थांबवतात, ठोक असा एकच आकडा नाही, वय, हाड, तंबाखू सगळं बघतात. अण्णा रागावले, "इतके पैसे द्यायला तयार आहोत तरी थांबा म्हणतात." मी म्हटलं अण्णा, तुम्हाला थांबा म्हणणारा डॉक्टर मिळाला हे नशीब समजा.

मग चार महिने थांबलो आणि त्यात आधी हिरड्यांची खोल सफाई झाली. हे फार लोकांना माहीत नसतं की हिरड्यांचा जुना आजार नीट काढला तर एचबीएवनसीसुद्धा साधारण ०.४ने उतरतो, कारण हिरड्यांतली सूज अंगभर इन्सुलिनच्या कामात अडथळा आणत असते. बाकी औषध डॉक्टरांनी बदललं, जेवणानंतर रामबागेपर्यंत पायी चक्कर, पोह्यांवरची सेव अर्धी झाली आणि जलेबी फक्त रविवारी. आकडा ७.३वर आला. मग स्कॅन काढून हाडाची जाडी मोजली आणि स्क्रू बसले, ड्रिल करताना सतत सलाइनची धार सोडत होते कारण हाड ४७ डिग्रीला एक मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशी मरतात.

त्या दिवसाबद्दल एवढंच की उपाशी जायचं नाही. लोकल भूल असते, सकाळची वेळ घ्या, नाश्ता करा, गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी. तोंड दोन-तीन तास सुन्न राहतं, खाता येत नाही, आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असेल तर शुगर ७०च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची. शुगरच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील आणि खाणं कमी होणार असेल तर त्या बंद ठेवायच्या का हे आधी विचारून घ्या, स्वतःच्या मनाने नाही. हाडं ठिसूळ होतात म्हणून ॲलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर तेही सांगायचंच, कारण त्याने जबड्याच्या हाडाची जखम भरायला अडचण येऊ शकते.

खरी चूक होते ती नंतर घरी. ऑपरेशन झालंय, चावायचं नाही, म्हणून प्रेमाने काय करतो आपण, रव्याचा शिरा, केळं, मोसंबीचा ज्यूस, सीझन असेल तर आमरस. वर दुखण्याच्या ताणाने शुगर तशीही चढते. आमच्याकडे पाचव्या दिवशी ग्लुकोमीटरवर जेवणानंतरचे २६० आले तेव्हा माझे डोळे उघडले, म्हणजे लॅबमधे बसून मी लोकांना सांगते आणि घरात आईने शिऱ्याचा डबा भरून ठेवलेला! मग बदललं सगळं. मूगडाळीचं दाटसर वरण, मऊ शिजवलेली दुधी, दही, पनीर कुस्करून, अंड्याची मऊ भुर्जी, गाजर-पालकाचं सूप कोमट करून. नाश्त्याला पोह्यांऐवजी मुगाच्या पिठाचं पातळ धिरडं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर रोज दोनदा शुगर बघून वहीत लिहायचो, कारण तोच काळ.

तंबाखू, गुटखा, सिगरेट चालू असेल आणि शुगरपण असेल तर मी म्हणेन आधी ते सोडा आणि मग इम्प्लांटचा विचार करा, दोन्ही मिळून रक्तपुरवठा आवळतात.

कॅप बसली की संपलं असंही नाही. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि ती सूज खाली हाडात उतरते. आपल्या दाताभोवती बारीक तंतूंची एक गादी असते, ते तंतू दातात शिरलेले असतात आणि जंतूंना अडवतात. इम्प्लांटला ती गादीच नाही, त्यामुळे तिथे आजार लवकर खोल जातो आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. पहिल्या काही वर्षांत शुगरवाल्यांत आणि बाकीच्यांत फारसा फरक दिसत नाही, पण वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली तर हा आजार व्हायची शक्यता वाढते. ब्रश करताना तिथून रक्त येणं हीच पहिली खूण.

अण्णांनी या थंडीत सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू (तळलेला कंद) खाल्ला, दोन्ही बाजूंनी चावून, फक्त अर्धी प्लेट. बाथरूमच्या आरशाखाली बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा एक बारीक ब्रश आहे, तो रात्री कॅपच्या खालून दोन्हीकडून फिरवतात. दिवाळीनंतरच्या तपासणीत मागच्या दाढेपाशी एका ठिकाणी टोचल्यावर रक्त आलं आणि त्याच आठवड्यात एचबीएवनसी ७.९ निघाला. तिथली सफाई झाली, औषधाचा डोस बदलला. पुढची तपासणी जूनमधे आहे, त्याच्या आधीच्या सोमवारी अण्णांची जांभळ्या झाकणाची ट्यूब मीच भरणार आहे.