गोठा, खुराडं, स्वयंपाकघर: एका छपराखालच्या अमोनियाचं गणित

"खुराड्यात वास सुटला? चुना भुरभुरा." विदर्भात हा सल्ला सर्रास मिळतो, आणि खुराड्यात खाली अंथरलेल्या ओल्या तुसावर तो नेमका उलटा पडतो. एकाच टिनाखाली गोठा आणि खुराडं, त्याला लागून स्वयंपाकघर, असे आराखडे मोबाईलवर फिरत असतात. छपराचा खर्च वाचतो, रात्री मुंगूस-रानमांजर आलं तर घरातूनच कळतं. कल्पना मला आवडते. पण ती टिकणार की नाही हे अमोनियावर ठरतं आणि त्या व्हिडिओंत अमोनियाचं नावही नसतं.

गाय, म्हैस, माणूस हे सगळे अंगातला नको असलेला नायट्रोजन युरिया करून मूत्रावाटे टाकतात. त्याला भरपूर पाणी लागतं. अंड्याच्या कवचात वाढणाऱ्या पिलाला ही चैन परवडणारी नाही. युरिया तिथंच साचत राहिला तर पिलू त्यातच मरेल. म्हणून पक्षी युरिक आम्ल बनवतात. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, घट्ट होऊन बाजूला पडून राहतं. कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो, तो हाच. किती सुंदर तोडगा आहे हा!

कोरडं असेपर्यंत युरिक आम्ल गप्प असतं. ओल लागली की जिवाणू कामाला लागतात: युरिक आम्लाचं अ‍ॅलन्टॉइन, पुढं युरिया, शेवटी अमोनिया. मात्र तयार झालेला सगळा अमोनिया लगेच हवेत जात नाही. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. हायड्रोजनचा एक जादा आयन चिकटलेलं अमोनियम ओलीतच अडकून राहतं. मोकळा अमोनिया उडतो. कोणतं रूप किती, हे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप) ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर मोकळा अमोनिया शंभरात जेमतेम अर्धा भाग, ८ ला सुमारे ५, आणि ९ ला थेट ३६ च्या आसपास. तापमान चढलं की हे प्रमाण आणखी वाढतं, म्हणजे चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात काय होत असेल ते बघा. विरलेल्या चुन्याच्या पाण्याचा सामू १२ च्या वर असतो. ओल्या तुसावर तो पडला की अडकून बसलेलं अमोनियम सुटतं आणि खुराडं डोळे झोंबवतं. कोंबड्या काढून, तूस उचलून रिकाम्या जमिनीवर आणि भिंतींना चुना जरूर मारा. कोंबड्या आत असताना ओलं तूस उचलायचं, कोरडं टाकायचं आणि पाण्याचं भांडं गळत नाही ना ते पाहायचं.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया २५ भागांच्या वर जाऊ देऊ नये, असा कुक्कुटपालनातला दंडक आहे. त्यापुढं कोंबडीच्या श्वासनलिकेतले बारीक केस लुळे पडतात आणि सर्दीचे रोग आत शिरतात. रोज आत-बाहेर करणाऱ्या माणसाचं नाक तोवर सरावलेलं असतं, त्यामुळे घरच्यांना वास येतच नाही. दूधही गंध ओढून घेतं. धार काढल्यावर बादली उघडी ठेवली तर चहात तो जाणवतो.

आता स्वयंपाकघर. पऱ्हाटीची चूल पेटली की गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला शेजारची हवा आत ओढली जाते. मधल्या भिंतीला खुराड्याकडं फट असेल तर चूल तिकडचीच हवा खेचणार. म्हणून ही भिंत तुराट्यांची नको. छपरापर्यंत विटांची, बिनखिडकीची हवी. वास्तूवाले स्वयंपाकघर आग्नेयेला सांगतात. आपल्याकडं उन्हाळा-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेच्या अंगानं येतो, हिवाळ्यात ईशान्येकडून. त्या हिशेबानं आग्नेय कोपरा खुराड्याला द्यावा आणि चूल वायव्येला, मध्ये गोठा. अग्निदेवतेची दिशा वारा विचारत नाही. शंका असेल तर काठीला चिंधी बांधून महिनाभर पाहावं. शेडची लांबी मात्र पूर्व-पश्चिमच ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन लांब बाजूनं आत येत नाही.

गोठ्यातही हाच खेळ आहे, फक्त मूत्रातल्या युरियाला फोडणारं विकर शेणातल्या जिवाणूंकडं असतं. दोन्ही जितका वेळ एकत्र राहतील तितका अमोनिया. फरशीला ४० फुटांना एक फूट उतार आणि मागं नाली दिली की मूत्र लगेच वाहून जातं.

कोंबड्यांना गव्हाणीवर मात्र चढू देऊ नका. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला ढेपेत आणि कासेपर्यंत पोचतो. शिवाय २०२४ मध्ये अमेरिकेत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू दुभत्या गायींत सापडला, तोही भरपूर प्रमाणात दुधात. दूध उकळलं की तो मरतो. कच्चं दूध ताकद देतं म्हणून पोरांना पाजण्याची हौस सोडलेली बरी.

शेणाचा बायोगॅस चुलीपर्यंत आणता आला तर या तिन्ही खोल्या खऱ्या अर्थानं जोडल्या जातात. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. कोंबडीखतही त्यात चालतं, पण शेणाच्या मानानं थोडंच. त्यात कर्बाच्या मानानं नायट्रोजन फार. जास्त झालं तर टाकीत तोच अमोनिया साचतो, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मंदावतात आणि शेगडी विझत जाते.