फार स्थिर जहाजाचा त्रास

पाडली तरी टुणकन उठून बसणारी बाहुली आठवते? बुडाशी वजन, वरचं अंग पोकळ. वजन जितकं खाली, तितकी ती झटक्यात उठते. आता त्या बाहुलीच्या पोटात दीड-पावणेदोनशे खलाशी बसवा आणि तिला हिवाळ्यातल्या अटलांटिकमध्ये सोडा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारातल्या काही जणांची गत अशीच झाली. मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना जर्मन पाणबुड्यांपासून राखायला ब्रिटनकडे पुरेशा नौका नव्हत्या. मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री उसनी देण्याच्या मार्च १९४१ च्या लेंड-लीज कायद्याखाली अमेरिकेने ‘डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट’ जातीच्या ७८ नौका बांधून दिल्या: ३२ एव्हर्ट्स वर्गाच्या आणि ४६ बकली वर्गाच्या. ब्रिटिशांनी त्यांना आपला नामांकित आरमारप्रमुख नेल्सन याच्या काळातल्या कप्तानांची नावं दिली, म्हणून हा ‘कॅप्टन क्लास’.

बांधणीत घाई इतकी, की वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनचा वेग जहाज ढकलणाऱ्या पंख्याला झेपेल इतका उतरवणारे मोठे गिअरसुद्धा पुरत नव्हते. बकली वर्गात मग टर्बाइनने वीज तयार करायची आणि त्या विजेवर मोटर चालवून पंखा फिरवायचा, अशी सोय केली.

खरी गंमत पुढे. अमेरिकी बकलीच्या डेकवर शत्रूच्या जहाजांवर टॉर्पेडो सोडणाऱ्या तीन नळ्या असत. ब्रिटिशांना पाणबुड्याच मारायच्या होत्या, त्यांनी त्या घेतल्या नाहीत. वरचं वजन घटलं, गुरुत्वमध्य खाली गेला आणि नौका अधिक स्थिर झाली. ऐकायला चांगलं वाटतं. पण कलंडलेल्या जहाजाला सरळ करणारा जोर वाढला, की ते डुलत नाही, हिसके देतं. गणित सोपं आहे: हा जोर चौपट झाला, तर एका हेलकाव्याला लागणारा वेळ निम्मा होतो. इतक्या झटक्यांत माणसाला धड उभंही राहता येत नाही, मग तोफेचा नेम कसला धरणार?

उपाय उलटा वाटेल असा निघाला. पाण्याखाली स्फोट करणारे जास्तीचे डेप्थ चार्ज मुद्दाम वरच्या डेकवर ठेवले. जहाज थोडं ‘डोकंजड’ केलं, तेव्हा ते जरा निवांत डुलू लागलं. शिवाय तळाच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या, म्हणजे बिल्ज कील, मोठ्या केल्या. डुलताना त्या पाणी ढकलतात आणि हेलकाव्याची ताकद त्यात खर्ची पडते.

झोपेचा प्रश्न मात्र वेगळाच होता. ब्रिटिश खलाशी पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या झोळीत झोपणारे. जहाज कलंडलं तरी झोळी ओळंब्यासारखी सरळ लोंबते, माणूस तिच्यात पाळण्यातल्या पोरासारखा पडून राहतो. अमेरिकी नौकांवर मात्र भिंतीलगत पक्के बंक. गादीवर पाठ टेकायला बरे, पण जहाजाबरोबर तेही कलंडायचे. वादळी रात्री त्यातून खाली पडू नये म्हणून कड धरून जागं राहावं लागे.