सांधेरोपणाच्या निर्णयातील ताण व भीती

गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजलेला सांधा शस्त्रक्रियेने बदलून घ्यावा की नाही, आणि घ्यावा तर केव्हा, हे ठरवताना रुग्णाच्या व त्याच्या कुटुंबाच्या मनावर भीती आणि ताण यांचा जो प्रभाव पडतो, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. खुब्याचे हाड मोडल्यावर करावे लागणारे रोपण सोडले, तर सांधेरोपण ही सहसा तातडीची शस्त्रक्रिया नसते. आतडे फुटले किंवा हृदयविकाराचा झटका आला तर विचाराला उसंत नसते. झिजेच्या संधिवातात मात्र रुग्णाच्या हाती महिने, पुष्कळदा वर्षे असतात. या मोकळ्या काळात भीतीला मूळ धरायला वाव मिळतो. म्हणून येथे निर्णय केवळ क्ष-किरण चित्रावर ठरत नाही. सांध्याची झीज सारखीच असलेल्या दोन रुग्णांपैकी एक जण पुढच्याच महिन्यात दाखल होतो आणि दुसरा दहा वर्षे काठीवर काढतो, याचे कारण बऱ्याच वेळा सांध्याबाहेर सापडते.

आधुनिक खुबारोपणाचा पाया जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात १९६२ मध्ये धातू आणि पॉलिएथिलीन (एक प्रकारचे टिकाऊ प्लास्टिक) यांची जोडी वापरून घातला. गुडघ्याच्या संपूर्ण रोपणाला आजचे रूप १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आले. गुडघारोपणात अख्खा गुडघा कापून काढला जातो, अशी पुष्कळांची समजूत असते आणि निम्मी धास्ती तिथूनच सुरू होते. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक यांवरचा झिजलेला थर, साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास, तासून त्यावर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलीनची गादी ठेवतात. बाजूचे अस्थिबंध व स्नायू रुग्णाचे स्वतःचेच राहतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांच्या नोंदवह्यांवर आधारलेल्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुबारोपणांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. मात्र गुडघारोपणानंतर दर पाच रुग्णांमागे जवळजवळ एक जण निकालावर पुरेसा समाधानी नसतो, हेही अभ्यासांत वारंवार दिसले आहे. भीती बाळगणारा रुग्ण या दोनपैकी फक्त दुसरा आकडा लक्षात ठेवतो. शस्त्रक्रियेचा आग्रह धरणारे नातेवाईक फक्त पहिला.

रुग्ण ज्याला एका शब्दात भीती म्हणतो, तिच्यात अनेक निरनिराळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय तिच्यावर उपाय करता येत नाही. टेबलावरून उठणारच नाही ही मृत्यूची भीती. पाठीत दिलेल्या इंजेक्शनने कंबर कायमची धरेल ही भुलेची भीती. शुद्धीत असताना हातोडीचे आवाज ऐकू येतील ही आणखी एक, जी गुंगीचे औषध देता येते हे सांगितल्यावर बरीच ओसरते. मधुमेह असलेल्यांना जखम चिघळण्याची धास्ती असते आणि ती निराधार नाही, कारण रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका खरोखरच वाढतो. त्याशिवाय प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत अशा एखाद्या काकू असतात की ज्यांचा गुडघा ऑपरेशननंतरही वाकला नाही. चांगले झालेले दहा जण चालत बाजारात जातात, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या एका काकूंची हकिगत मात्र जिन्यावर, भजनी मंडळात, लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते.

महाराष्ट्रातल्या रुग्णांत एक भीती विशेष तीव्र असते आणि पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत तिला फारशी जागा मिळत नाही. ती म्हणजे जमिनीवरचे बसणे कायमचे सुटण्याची. देवघरापुढे पाट घेऊन बसणे, मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भाजी चिरणे किंवा भांगलण करणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणे, नमाजात गुडघे टेकणे, या सर्व हालचालींना गुडघा खूप वाकावा लागतो. रोपणानंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्ची, जिना, बस यांना तेवढे पुरते. उकिडवे बसायला पुरत नाही, आणि काही रुग्णांना मांडी घालता आली तरी शल्यचिकित्सक सहसा ती नित्याची सवय करू देत नाहीत. शेतात निंदणीला जाणाऱ्या बाईला ‘आता खाली बसायचे नाही’ असे सांगणे म्हणजे तिच्या मजुरीवर आणि घरातल्या तिच्या स्थानावर बोट ठेवणे आहे. ही भीती अज्ञानातून आलेली नाही. ‘काही होत नाही, सगळे व्यवस्थित होईल’ म्हणून ती उडवून लावणे अन्यायाचे आहे. तिला कमोड, खाट, उंच ओटा आणि कामाची नवी वाटणी यांबद्दलच्या ठोस बोलण्यानेच उत्तर देता येते.

ताणाचा परिणाम मनापुरता राहत नाही. दीर्घकाळ दुखणाऱ्या सांध्यामुळे झोप तुटते, झोप तुटली की वेदना अधिक तीव्र जाणवते, आणि सततच्या ताणाने शरीरातील कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचा समतोल बिघडून वेदनेची जाणीव आणखी धारदार होते. वेदनेबद्दल सर्वांत वाईट तेच घडेल असे धरून चालण्याची जी वृत्ती असते, तिचे मोजमाप करण्यासाठी १९९५ मध्ये तेरा प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली तयार झाली आणि ती आजही वापरात आहे. शस्त्रक्रियेपूर्वी तिच्यात जास्त गुण मिळालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर दुखणे जास्त राहण्याचा संभव असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हालचालीच्या भीतीचे चक्र याच जातीचे आहे: वापरला की पाय झिजतो या समजुतीने रुग्ण चालणे कमी करतो, मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो, गुडघ्याचा आधार जातो, दुखणे वाढते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. अशा अवस्थेत विचारलेल्या ‘ऑपरेशन करायचे का?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर, हो असो वा नाही, शांत मनाचे नसते.

निर्णय लांबणीवर पडण्यामागे मनाची आणखी एक रीत आहे. शस्त्रक्रियेचा धोका एका ठरलेल्या दिवशी समोर उभा राहतो. न करण्याचे नुकसान मात्र कणाकणाने होते. आधी देवळाच्या पायऱ्या सुटतात, मग मंडई, मग खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणे. कोणत्याही एका दिवशी फार काही गेले असे वाटत नाही, म्हणून त्याची भीतीही वाटत नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात गिलियन हॉकर व सहकाऱ्यांनी केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीव्र संधिवात असलेल्या आणि शस्त्रक्रियेला योग्य ठरू शकणाऱ्या लोकांपैकी १५ टक्क्यांहून कमी जण ती करून घ्यायला निश्चितपणे तयार होते. तेथे उपचाराचा खर्च सरकारी विम्यातून भागतो, हे लक्षात घेतले म्हणजे नकाराचे खापर केवळ पैशावर फोडता येत नाही. याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासात गरज असूनही शस्त्रक्रिया न होण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत बरेच जास्त आढळले होते. उशीर निरुपद्रवी नसतो. बोस्टन आणि मॉन्ट्रिऑल येथील रुग्णांच्या पाठपुराव्यात असे दिसले की, ज्यांची हालचाल शस्त्रक्रियेपूर्वीच फार खालावली होती ते शस्त्रक्रियेनंतर सुधारले खरे, परंतु वेळेत आलेल्यांच्या पातळीला पोहोचले नाहीत.

भीती फक्त अडवते असे नाही, ती घाईही करवते, आणि या बाजूची चर्चा फार कमी होते. ‘हाडाला हाड घासते आहे’, ‘आता नाही केले तर पाय कायमचा वाकडा होईल’, ‘पुढे वय झाल्यावर भूल झेपणार नाही’ ही वाक्ये तपासणीच्या खोलीत सहज उच्चारली जातात. प्रकाशपेटीवर लावलेल्या चित्रातली नाहीशी झालेली फट दाखवून ‘ग्रेड फोर’, म्हणजे झिजेची शेवटची पायरी, म्हटले की सोबत आलेल्या मुलाचा चेहरा आईच्या आधी उतरतो. वास्तविक क्ष-किरणातील झीज आणि रुग्णाला होणारा त्रास यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. चित्र वाईट असूनही रोज दोन किलोमीटर चालणारी माणसे असतात. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायाम, आहार, शिक्षण व वेदनाशामके यांच्या जोडीला गुडघारोपण झालेल्यांना अधिक आराम मिळाला, पण गंभीर उपद्रवही त्यांच्यातच जास्त आढळले. केवळ व्यायामादी उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांनीच पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. घाबरवून मिळवलेली संमती कागदावर संमती असली तरी तिला विचारपूर्वक घेतलेला निर्णय म्हणता येत नाही.

आपल्याकडे हा निर्णय एकट्या रुग्णाचा क्वचितच असतो. नातीची दहावी होऊ दे, धाकट्याचे लग्न पार पडू दे, पेरणी उरकू दे, अशा कारणांनी घरातली बाई स्वतःचा गुडघा शेवटच्या क्रमांकावर टाकत राहते. मुलगा परदेशात असेल तर तारीख त्याच्या सुटीवर ठरते. ‘माझे कोण करणार?’ हा प्रश्न ती डॉक्टरांना विचारत नाही, कारण तो वैद्यकीय वाटत नाही. परंतु नकारामागे बहुधा तोच असतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे वॉकर, शौचालयापर्यंतचा आधार, दिवसातून अनेकदा करायचे दुखरे व्यायाम यांत जातात, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे केलेल्या स्त्रीला आपले कोणी करावे याचा संकोच दुखण्यापेक्षा जड होतो. पैशाचा ताण वेगळाच. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी त्याची सरासरी किंमत दीड लाख रुपयांच्या वर होती. सांध्याची किंमत उतरली, तरी खोलीचे भाडे, शल्यचिकित्सकाचे शुल्क, फिजिओथेरपी आणि सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी हा खर्च कुटुंबाच्या अंगावर राहतोच.

भीती कमी करण्यात प्रसिद्ध व्यक्तींच्या उदाहरणांचाही वाटा असतो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्याचे रोपण २००० मध्ये आणि दुसऱ्याचे २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले, आणि वृत्तपत्रांतून त्याचा तपशील घरोघरी पोहोचला. पदावर असलेला पंतप्रधान जी शस्त्रक्रिया करून घेतो ती अगदीच जीवघेणी नसणार, एवढा विश्वास सामान्य माणसाला त्यातून मिळाला असावा. तरीही दूरच्या मोठ्या माणसापेक्षा ओळखीच्या, सारख्याच परिस्थितीतल्या माणसाशी झालेले बोलणे अधिक उपयोगी पडते. सहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली बाई आपली पट्टी काढल्यावरची खूण दाखवते, पहिली रात्र कशी गेली ते सांगते, आणि अजूनही पावसाळ्यात सकाळी पाय जड होतो हे लपवत नाही. त्यामुळे समोरचीच्या मनातली भीती नाहीशी होत नसली तरी तिला आकार येतो.

निर्णयाला साहाय्य करणारी पत्रके व चित्रफिती अनेक देशांत तयार झाल्या आहेत. त्यांत शस्त्रक्रिया करण्याचे व न करण्याचे परिणाम आकड्यांसह समोर ठेवलेले असतात आणि रुग्णाला स्वतःसाठी काय महत्त्वाचे आहे ते विचारलेले असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका आरोग्यसंस्थेने त्यांचा वापर सुरू केल्यानंतरच्या सहा महिन्यांत खुबारोपणे २६ टक्क्यांनी व गुडघारोपणे ३८ टक्क्यांनी घटल्याचे २०१२ मध्ये नोंदले गेले. यावरून सगळ्यांनाच शस्त्रक्रिया टाळायची असते असा निष्कर्ष काढता येत नाही. शांतपणे विचार करायला मिळाल्यावर काही जण वेगळे ठरवतात, एवढाच त्याचा अर्थ. शस्त्रक्रियेपूर्वीच्या माहितीवर्गांनी चिंता थोडीच कमी होते, असे एकत्रित परीक्षणांत दिसते, म्हणजे नुसती माहिती पुरत नाही. नैराश्य किंवा तीव्र चिंता आढळल्यास तिच्यावर आधी उपचार करणे, साखर, वजन व दात यांची काळजी घेणे आणि मांडीचे व्यायाम आधीच शिकवणे यांतून रुग्णाला काहीतरी आपल्या हातात आहे असे वाटते, आणि हतबलता कमी झाली की भीतीही कमी होते.

दुसऱ्या गुडघ्याचा निर्णय हा स्वतंत्र विषय आहे. पहिल्या वेळी काय होईल ते ठाऊक नसते. दुसऱ्या वेळी नेमके ठाऊक असते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे ज्यांना फार कठीण गेले, ते चांगल्या निकालानंतरही दुसरा पाय टाळतात, आणि हे टाळायचे म्हणूनच काही जण दोन्ही गुडघे एकाच वेळी करून घ्यायला तयार होतात. दोन्ही एकत्र केल्याने रुग्णालयाची फेरी वाचते, परंतु हृदय व फुप्फुसांवरचा भार वाढतो, त्यामुळे हृदयविकार असलेल्या किंवा फार वृद्ध रुग्णांना तो सल्ला सहसा दिला जात नाही. यासाठी पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमन पुरेसे झाले की नाही, रात्री झोप लागली की नाही, याची विचारपूस बारकाईने होणे गरजेचे असते. दुसऱ्या गुडघ्याचा होकार किंवा नकार पुष्कळदा त्या पहिल्या काही रात्रींतच ठरून जातो.