दाभोळचा गॅस दाभोळच्या समुद्रातला नव्हे

‘दाभोळसमोर समुद्रात गॅस लागला, म्हणूनच एन्रॉन कोकणात आली,’ हे वाक्य गुहागर-दापोलीकडे आजही ठामपणे ऐकू येते. ते खरे नाही. मुळात एन्रॉन या अमेरिकी कंपनीने उभारलेला वीजप्रकल्पही दाभोळात नाही. दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याच्या फेरीबोटीत बसले की वाशिष्ठी नदीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या बाजूला त्याच्या चिमण्या दिसतात. नाव तेवढे अलीकडच्या बंदराचे लागले.

समुद्रात वायू सापडला तो 1974 मध्ये, मुंबईपासून पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय क्षेत्रात, आणि तो किनाऱ्याला लागतो तो मुख्यतः उरण आणि गुजरातेतील हजिरा येथे. एन्रॉनची योजना मात्र परदेशातून जहाजाने वायू आणण्याची होती. उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला वायू द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते, म्हणूनच तो जहाजात भरणे परवडते. प्रत्यक्षात 1999 मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव इंधनावर, चालला आणि 2001 मध्ये बंद पडला. वायूचे जहाज तोवर एकही आले नव्हते. पुढे 2005 मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे प्रकल्प गेल्यावर पनवेलकडून नळाने वायू आला, म्हणजे उत्तरेकडून, जमिनीवरून. द्रवरूप वायूचे टर्मिनल 2013 मध्ये सुरू झाले, तरी लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने पुढची कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागत नसत.