युरिया ४३, बीयूएन २०: एकाच रक्ताचे दोन आकडे

नौपाड्यातल्या लॅबने ब्लड युरिया ४३ दिला, आठवड्याने वाशीच्या लॅबने बीयूएन (ब्लड युरिया नायट्रोजन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन) २० दिला, की आजोबांची किडनी सुधारली म्हणून घरचे सुखावतात. प्रत्यक्षात आकडा जागचा हललेला नसतो. युरियाच्या रेणूचे वजन ६०, त्यातल्या नायट्रोजनचे २८. त्यामुळे बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो.

युरिया हा किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ; किडनी थकली की तो रक्तात साचतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. दवाखान्यात ही तपासणी रुळली ती १९१४ च्या सुमारास, सोयाबीनमधले युरिएज हे एन्झाइम वापरून. ते युरियाचा अमोनिया करते आणि मोजला जायचा तो अमोनिया. मोजमाप नायट्रोजनचे, म्हणून अहवालही नायट्रोजनचा. त्या काळी हे अगदी रास्त होते.

पुढे डायअसिटिल मोनॉक्झाइम हे रसायन आले. आम्लात उकळले की ते थेट युरियाशीच रंग देते. १९५० च्या दशकात स्वयंचलित यंत्रे आली आणि हीच पद्धत त्यांच्यावर चढली. नायट्रोजन मोजण्याचे कारण तिथेच संपले होते. तरी अमेरिकेने बीयूएन सोडला नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू झाला. ब्रिटनने सत्तरच्या दशकात मिलिमोल (वजनाऐवजी रेणूंची संख्या मोजणारे एकक) स्वीकारले. तिथे आजोबांचा आकडा ७ च्या जरा वर दिसेल. आपल्याकडे मिलिग्रॅम राहिले आणि नावे दोन्ही चालू राहिली.

हा नुसता नावाचा वाद नाही. शरीरातले पाणी कमी झाले आहे का, हे ताडताना डॉक्टर बीयूएन आणि क्रिएटिनिन (किडनीच बाहेर टाकते असा दुसरा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर बघतात. ते २० च्या वर गेले की संशय येतो. त्या जागी पूर्ण युरिया घातला तर धडधाकट माणसाचेही गुणोत्तर सहज २० ओलांडते. न्यूमोनियाची तीव्रता ठरवणाऱ्या ब्रिटिश गुणांकनात युरिया ७ मिलिमोलच्या वर असला की एक गुण मिळतो, म्हणजे आपला युरिया ४२, अमेरिकेचा बीयूएन १९-२०. लॅबने रिपोर्टवर दोन्ही आकडे छापले तर त्यांचा खर्च काहीच वाढत नाही.

डायलिसिसच्या रुग्णांना एका बाबतीत मात्र फरक पडत नाही. एका बैठकीत युरिया निदान ६५ टक्के उतरावा, असे मानतात. आधीचा आणि नंतरचा नमुना एकाच लॅबमध्ये, एकाच नावाने मोजला असेल, तर युरिया घ्या की बीयूएन, टक्केवारी तीच येते.